रेसिंगसाठी कापलेली एमजी टीसी: मागच्या मालकांची साखळी कशी जुळवायची?

निपाणी_वायरव्हील

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका शेडमधली एमजी टीसी (युद्धानंतरची छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) विकायला निघाली आहे. मूळ बॉडी नाही. ॲल्युमिनियम पत्र्याची एकसीटर रेसिंग बॉडी, मडगार्ड काढलेले, चाकं १९ इंची तारांची. कागद म्हणून फक्त म्हैसूर राज्याच्या काळातल्या आरसी बुकाची झेरॉक्स: एमवायने सुरू होणारा नंबर, नोंदणी १९५८ ची, मालकाचं एकच नाव, आधीच्या नंबराची जागा फाटलेली. पितळी पट्टीवरचा चेसिस नंबर आरसीशी जुळतो, इंजिन नंबर जुळत नाही. वाहन पोर्टलवर काहीच येत नाही.

विकणारे म्हणतात, गाडी आधी एका संस्थानिकांकडे होती आणि जुहू व मद्रासजवळच्या शोलावरमच्या शर्यतींत पळाली. मला विचारायचं ते असं: पट्टी जुळते म्हणून ही तीच गाडी धरायची का? १९५६ आधीची नोंद बेळगावात शोधू की मुंबईत? आणि शर्यतीचा दावा कशावर तपासायचा?

उद्यमबाग_टूलरूम

पट्टीवर जाऊ नका. ती काढून दुसऱ्या गाडीला लावायला पाच मिनिटं पुरतात. टीसीचा नंबर चेसिसच्या लोखंडातच ठोकलेला असतो: डाव्या हाताचा पुढचा डम्ब आयर्न, म्हणजे स्प्रिंगचं पुढचं टोक जिथे अडकतं ते शिंग. आधी तिथे बघा, मग बाकीचं.

ग्राइंडर, एमरी, सँडब्लास्ट यातलं काहीही त्या जागी लागू देऊ नका. ठोक्याची खोली अगदी थोडी असते, एका हाताच्या घासण्यात आकडा जातो तो कायमचा. पेंट रिमूव्हर लावा, रंग फुगला की लाकडी पट्टीने उचला, मग रॉकेल आणि नायलॉनचा ब्रश. कोरडं झाल्यावर खडू घासून वरवर पुसा, खाचेत पांढरं राहतं. टॉर्च समोरून मारू नका, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवी धरा. त्यानंतर आरटीओत घेतात तसा पेन्सिल प्रिंट घ्या. कागद टेपने पक्का चिकटवा, नाहीतर सरकून आकडा दुहेरी येतो. दोन प्रिंट घ्या आणि दोन्हीवर तारीख टाका.

बनावट ठोका ओळखायचा तर आकड्याच्या आजूबाजूला बघा. शेजारी गंजाचे खड्डे आणि आकड्यांखाली मात्र सपाट, घासलेली पट्टी असेल तर आधीचं काहीतरी काढलं गेलंय. शिंगाच्या आतल्या बाजूने बोट फिरवा, वेल्डचा मणी लागतो का बघा. पुढून धडक बसली की शिंगच आधी वाकतं, त्यामुळे कुणी प्रामाणिकपणेही ते कापून दुसऱ्या चेसिसचं जोडलेलं असू शकतं. पण त्याबरोबर नंबरही दुसऱ्या गाडीचा येतो! आकडा घासून काढलाय असं वाटलं तर घरी ॲसिड लावायचं नाही. फ्राय रिएजंट, म्हणजे पुसलेला आकडा वर आणणारं ॲसिडचं द्रावण, फॉरेन्सिक लॅबवाल्यांनी वापरायचं. आकडा थोडा वेळच वर येतो, तेवढ्यात फोटो निघाला पाहिजे.

चेसिस टीसीचीच आहे का तेही मोजा. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) मोजून उपयोग नाही, टीसी आणि तिच्यानंतरचं मॉडेल टीडी, दोन्ही ९४ इंच. ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, मोजा: टीसीला पुढेमागे ४५ इंच, टीडीला पुढे ४७ च्या वर आणि मागे ५०. टीसीला पुढे सरळ बीम ॲक्सल आणि पट्ट्यांच्या (लीफ) स्प्रिंगा, टीडीला स्वतंत्र सस्पेन्शन. टीसीचे नंबर टीसी/०२५१ पासून सुरू होतात, सप्टेंबर १९४५ ते १९४९ अखेर दहा हजार गाड्या. याबाहेरचा आकडा दिसला की थांबा.

इंजिन जुळत नाही याचं फार मनावर घेऊ नका, शर्यतीच्या गाडीत ते बदलणारच. शिवाय टीसीचा इंजिन नंबरही अष्टकोनी पितळी चकतीवर असतो, तीही निघते. हेड उतरवायची परवानगी मिळाली तर बोअर (सिलिंडरचा व्यास) मोजा. टीसीच्या मूळ एक्सपीएजी इंजिनाचा ६६.५ मिमी, स्ट्रोक ९०, म्हणजे १२५० सीसी. ७२ च्या आसपास आला तर बहुधा टीएफ १५०० या नंतरच्या मॉडेलचं एक्सपीईजी इंजिन आहे, १४६६ सीसीचं. ते १९५४ च्या आधी नव्हतंच, तेव्हा त्याआधीच्या शर्यतीची कथा त्या इंजिनाला चिकटवता येणार नाही. हेड आणि हाउसिंगचं कास्टिंगही निरखून घ्या. पॅटर्न करून ओतून देणाऱ्या फाउंड्र्या आपल्याकडे कमी नाहीत. चांगलं ओतकाम असलं तरी ते ॲबिंग्डनचं, म्हणजे एमजीच्या इंग्लंडमधल्या कारखान्याचं, ठरत नाही.

आणि सगळ्यात मोठा धोका: रेसिंगसाठी उतरवलेली मूळ बॉडी गेली कुठे? अशी बॉडी, तिच्यावरची पट्टी आणि कधीकधी मूळ आरसीसुद्धा दुसऱ्या चेसिसवर चढते. मग एकाच नंबरच्या दोन गाड्या उभ्या राहतात, आणि दोघांकडे थोडा थोडा पुरावा असतो. म्हणून निकाल शिंगावरच्या ठोक्यानेच लागतो. नंबर इथे लिहिताना शेवटचे दोन आकडे झाका.

शहापूर_दप्तर

कागदाच्या बाजूचं सांगतो.

बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतर एमवाय नंबर लागला म्हणजे गाडी तेव्हाच आली असं होत नाही. जुना नंबर बदलून नवा घेतलेला असू शकतो, आणि तसं असेल तर आधीचा नंबर रजिस्टरच्या शेऱ्यात असतो. म्हणून सुरुवात बेळगावातूनच. मुंबईला नुसतं मालकाचं नाव घेऊन जाऊन हाती काही लागणार नाही, जुना नंबर हातात हवा.

आरटीओत बी-एक्स्ट्रॅक्ट (नोंदणी रजिस्टरचा उतारा) मागा. पोर्टलवर गाडी नाही याचा अर्थ एवढाच की जुनं रजिस्टर संगणकावर चढलेलं नाही. ‘रेकॉर्ड नाही’ हे उत्तर तोंडी घेऊ नका. माहिती अधिकाराचा अर्ज घाला: फी १० रुपये, कर्नाटकच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. मजकूर असा ठेवा: ‘वाहन क्रमांक अमुक याच्या नोंदणी रजिस्टरातील पूर्ण पानाची, शेरे व हस्तांतरणाच्या नोंदींसह, प्रमाणित प्रत मिळावी. रजिस्टर नष्ट केले असल्यास नष्ट केल्याच्या आदेशाची प्रत मिळावी.’ दुसरं वाक्य गाळू नका, त्यामुळे कुणाला तरी रजिस्टर खरोखर शोधावं लागतं.

मालकाचं नाव खासगी माहिती म्हणून नाकारलं तर अपिलात कलम ८(३) दाखवा. अर्जाच्या तारखेआधी २० वर्षांहून जुन्या घटनेची माहिती, ८(१) मधली क, ग आणि झ ही उपकलमं सोडली तर, द्यावीच लागते. इंग्रजी प्रतीत ती ए, सी आणि आय. खासगी माहितीचं उपकलम ‘जे’ त्यात येत नाही. उत्तराला ३० दिवस, पहिल्या अपिलालाही ३० दिवस. अर्ज कन्नडमध्ये असला तर टेबलावर लवकर हलतो, करून घ्या की.

आता संस्थानिकांचा दावा. हे तारखांवर घासून बघता येतं. टीसी १९४५ च्या सप्टेंबरनंतरची. दक्षिणेतली सांगली, मिरज, जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग ही संस्थानं ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात विलीन झाली, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला. म्हणजे संस्थानाच्या पैशाने ही गाडी घ्यायला अडीच ते साडेतीन वर्षंच होती. नंबरावरून बांधणीची तारीख १९४९ च्या मध्यावर निघाली तर संस्थानाच्या दप्तरात शोधायचं कारणच उरत नाही. नंतर खासगीत घेतली असेल तर ती नेहमीच्या आरटीओ नोंदीत सापडायला हवी. ती तारीख मिळवायला एमजी कार क्लबच्या टी रजिस्टरला (टी मालिकेच्या गाड्यांचा विभाग) लिहा, ॲबिंग्डनला. बांधणीची तारीख आणि मूळ इंजिन नंबर त्यांच्या नोंदीत असतो. पत्रासोबत पेन्सिल प्रिंटचा फोटो जोडा.

कोल्हापूरची असेल तर कोल्हापूर पुराभिलेखागारात मोटारखान्याचे आणि खासगी खात्याचे हिशेब मागा. बरंच दप्तर मोडीत आहे, वाचणारा बरोबर न्या. ‘एमजी’ शोधत बसू नका, कारकून तसं लिहीलच असं नाही. टायरखरेदी बघा: टीसीला ४.५०-१९ टायर लागतात, मोठ्या सलूनांच्या टायरांपेक्षा अरुंद, यादीत चटकन उठून दिसतात. आणि शहापूर स्वतः सांगली संस्थानात होतं हे ध्यानात ठेवा. ‘बेळगावची गाडी’ म्हणून सांगितलेली गाडी शहापुरातल्या कुणाची असेल, तर १९४८ आधीचा तिचा कागद सांगलीच्या दप्तरात जातो.

वारसांना लिहाल तेव्हा ‘ही तुमच्या आजोबांची गाडी ना?’ असं विचारू नका. समोरचा माणूस सौजन्याने हो म्हणतो आणि तुम्ही तो पुरावा धरून बसता. ‘१९४५ ते ५५ मधले मोटारींचे फोटो, बिलं, विम्याचे कागद आहेत का?’ एवढंच विचारा.

ट्रॅक_आणि_टाइमशीट

शोलावरम ही युद्धकाळातली धावपट्टी. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ चा. तिथल्या शर्यतीच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत गाडीचा स्पर्धा क्रमांक, चालक, गाडी शर्यतीत उतरवणारा (एन्ट्रंट) आणि सीसी मिळतं. चेसिस नंबराची अपेक्षा ठेवू नका. चालक आणि मालक बहुतेकदा वेगळे असतात, गाडी उतरवणारा तिसराच असू शकतो. कार्यक्रमपत्रिकेतलं नाव मालकांच्या यादीत थेट चढवलं की साखळी तिथेच बिघडते. स्पर्धा क्रमांकही प्रत्येक शर्यतीला बदलतो, त्यावरून गाडी ओळखायची नाही.

पत्रिका आणि चेसिस यांना जोडतो तो फोटो. बॉनेटवरच्या झरोक्यांची संख्या, रिव्हेटच्या ओळीतलं अंतर, पेट्रोलच्या झाकणाची जागा, सायलेन्सर कोणत्या बाजूने बाहेर पडतो, हे एकेक ताडून बघा. स्टिअरिंग डावीकडे दिसलं तर निगेटिव्ह उलटी छापली आहे असं समजा, कारण टीसी सगळ्या उजव्या स्टिअरिंगच्याच. उलट्या फोटोवरून सायलेन्सरची बाजू ठरवली तर आपलीच गाडी आपण नाकारतो. फोटोची मूळ प्रत मिळाली तर मागची बाजू आधी पाहा, स्टुडिओचा शिक्का आणि तारीख तिथे असते. ‘मद्रास ट्रॅक, १९७२’ म्हणून इरुंगट्टुकोट्टईचा फोटो कुणी दाखवला तर बाजूला ठेवा, तो ट्रॅक १९९० चा.

शोलावरमला सिलोनचे चालकही गाड्या घेऊन यायचे. गाडी तात्पुरत्या आयातीवर आलेली असेल तर कार्नेचा कागद (तात्पुरत्या आयातीचा परवाना) आणि नंतर भरलेली जकात, दोन्ही हवं.

निपाणी_वायरव्हील

सगळ्यांचे आभार. शिंगावरचा नंबर मिळाला, वेल्ड नाही, ट्रॅक ४५ भरतो. शेवटून तिसरा आकडा मात्र ३ की ८ कळत नाही, झेरॉक्सवर ८ वाटतो. आणि पुढे व्हिंटेज नोंदणी होईल का?

उद्यमबाग_टूलरूम

त्याच नंबरात दुसरा ३ किंवा ८ असेल तर दोन्ही प्रिंट एकावर एक धरा. पंच तोच असतो. नसेल तर डावी बाजू बघा: ८ ची डावी कड बंद, ३ ची उघडी, आणि गंजाने पडलेला खड्डा कधी सलग वक्र होत नाही. क्लबला दोन्ही नंबर कळवा. त्यातल्या एकाची गाडी दुसऱ्या कुणाकडे नोंदलेली निघाली तर ते आत्ताच कळलेलं बरं.

शहापूर_दप्तर

२०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीला व्हीए मालिकेत नोंदणी मिळते: फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,०००. आधी नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, म्हणून ते एमवाय पान मिळवणं महत्त्वाचं. अडचण बॉडीची आहे. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये मोठा बदल नसावा अशी अट आहे, आणि एकसीटर बॉडी गाडी तपासणाऱ्या समितीपुढे अडकू शकते. ती बॉडी त्या काळातच चढली होती हे दाखवणारा तारखेचा फोटो हाताशी नसेल, तर रस्त्याच्या नोंदणीचा भाव या सौद्यात मोजू नका.

विक्रीपत्रात शिंगावर वाचलेला नंबर, पट्टीवरचा नंबर आणि इंजिन नंबर वेगवेगळे लिहून घ्या, प्रिंट जोडा. ‘संस्थानिकांची गाडी’ हे शब्द विकणाऱ्यांना घालायचे असतील तर कशाच्या आधारावर तेही त्याच ओळीत लिहायला सांगा. १९५८ च्या आधीचा मालक कागदाने ठरत नाही तोवर ती जागा कोरीच ठेवा.