मदत हवी आहे: अँटिबायोटिक वापराची तुलना डॉक्टरांपुढे कशी मांडायची?

नमस्कार. मी एका ट्रस्ट हॉस्पिटलात क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. मागच्या तिमाहीत कुठलं अँटिबायोटिक किती गेलं ते फार्मसीच्या सॉफ्टवेअरमधून काढलं, दर १०० बेड-दिवसांमागे किती डीडीडी (डब्ल्यूएचओने ठरवलेला त्या औषधाचा दिवसाचा सरासरी डोस) असा हिशेब केला आणि डब्ल्यूएचओच्या ॲक्सेस, वॉच, रिझर्व्ह गटांत विभागलं. वॉच गट (जपून वापरायची, रेझिस्टन्सचा धोका जास्त असलेली औषधं) चांगलाच फुगलाय, मुख्यतः सेफ्ट्रिॲक्सोन आणि मेरोपेनेममुळे.

ड्रग कमिटीत विभागवार आलेख लावला आणि मीटिंग तिथेच फिसकटली. मेडिसिनवाले म्हणाले, आमच्याकडे बाहेर सगळं घेऊन झालेले पेशंट येतात, आमची तुलना सर्जरीशी कशाला? बरोबरच आहे म्हणा. सर्जरीचे सर म्हणाले, "आकडा राहू द्या, नेमक्या कुठल्या पेशंटला नको होतं ते दाखवा."

एनसीडीसीच्या (केंद्र सरकारचं राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र) २०२१-२२ च्या पाहणीत २० मोठ्या रुग्णालयांतल्या ७१.९ टक्के भरती रुग्णांना अँटिबायोटिक चालू होतं. पण ती पाहणी ठरावीक दिवशी किती रुग्णांना चालू आहे ते मोजते, माझा आकडा किती औषध संपलं ते सांगतो. मग तुलना करायची कशाशी? आणि डॉक्टरांची नावं घालायची का?

प्रतिसाद १
ताई, मी मायक्रोबायोलॉजीत आहे. आधी आकडे स्वच्छ करा. मेरोपेनेमचा डीडीडी २०१९ पासून २ ऐवजी ३ ग्रॅम झालाय. सॉफ्टवेअरमध्ये जुनाच असेल तर तुमचा आकडा दीडपट दिसतोय. एनआयसीयू (नवजात बाळांचा आयसीयू) आणि लहान मुलांचा वॉर्ड वगळा, डीडीडी मोठ्या माणसांचा असतो. वॉर्डातून परत आलेल्या व्हायल वजा झाल्यात ना, तेही बघा.

तुलना त्याच वॉर्डच्या मागच्या तिमाहीशी करा. नावं मीटिंगमध्ये नकोत, ज्याचा आकडा त्यालाच द्या. इंग्लंडमध्ये २०१४ साली सर्वाधिक अँटिबायोटिक लिहिणाऱ्या जीपींना (फॅमिली डॉक्टरांना) तसं पत्र गेलं होतं, "तुमच्या भागातल्या ८० टक्के प्रॅक्टिस तुमच्यापेक्षा कमी लिहितात". तेवढ्यावर ३.३ टक्के घट झाली. फार नाही, पण खर्च फक्त पत्राचा.

सर्जरीच्या सरांनी तर तुम्हाला वाटच दाखवलीय. हर्नियाचे वीसेक केसपेपर काढा. सेफाझोलिनचा एक डोस, चीर देण्याआधीच्या तासाभरात, आणि थांबवायचं. त्याऐवजी पाच दिवस सेफ्ट्रिॲक्सोन कुणाकुणाला चाललं, ते पेशंटगणिक दिसेल.

धागाकर्ती
खूप आभार, सर. मेरोपेनेम बघितलं, सॉफ्टवेअरमध्ये २ ग्रॅमच आहे! आयटीला कळवलंय. हर्नियाचे पेपर काढायला घेते, पण डोसची वेळ नर्सिंग शीटवर नसते, फक्त ॲनेस्थेशियाच्या चार्टवर असते आणि तो एमआरडीत (मेडिकल रेकॉर्ड विभागात) जमा होतो. ऑडिटसाठी तिथून पेपर काढायला तुमच्याकडे कोणाची सही लागते? एथिक्स कमिटीकडे जावं लागतं की मेडिकल सुपरिटेंडंटचं पत्र चालतं?