तायक्वांदो, कराटे, ज्युदो एकाच मैदानावर दाखवायचंय: मॅट, फळ्या आणि क्रम?

अमळनेरकर:
जानेवारीत शाळेच्या मैदानावर संध्याकाळी ५ वाजता ४० मिनिटांचं प्रात्यक्षिक आहे. तायक्वांदोची १४ मुलं, शोतोकान कराटेची १० आणि ज्युदोचे ४ जण. मॅट ६४ आहेत, १ मीटर बाय १ मीटर, अडीच सेंटीमीटर जाड, एकमेकांत अडकणाऱ्या. मैदान काळ्या मातीचं, भेगा पडलेलं. बघायला दीड-दोनशे माणसं येतील आणि त्यातले बहुतेक या सगळ्यालाच 'कराटे' म्हणतात. मॅटखाली काय टाकू? फळ्या कोणत्या लाकडाच्या घेऊ? आणि क्रम कसा लावू म्हणजे लोकांना फरक कळेल?

तापीकाठ:
मॅटपुरतं बोलतो. भेगा बारीक मातीने भरा, दोन दिवस आधी पाणी मारा, रूळ फिरवा. वर ताडपत्री, ताडपत्रीवर सतरंजी, आणि मग मॅट. थेट ताडपत्रीवर टाकल्या तर लाथ मारताना आख्खी रांग सरकते. सतरंजी पकड धरते. ती ताणून कडेने खुंट्या ठोका, पण मॅटपासून निदान २ मीटर लांब.

मांडणी मधून बाहेर करत जा. कडेकडून सुरुवात केली की मधे फट उरते. त्या फटीत पायाचं बोट अडकलं आणि वरचं अंग वळलं, की गुडघा गेलाच समजा. बाहेरच्या कडांना कापडी टेप लावा, आपल्याकडचा वारा कोपरे उचलतो. दुपारी मांडून ठेवू नका, गडद रंगाच्या मॅट जानेवारीतही तापतात आणि पोरं अनवाणी असतात. सुरू करण्याआधी ओल्या फडक्याने, मग कोरड्याने पुसा. धूळ बसलेल्या मॅटवर टेकलेला पाय सटकतो.

६४ म्हणजे ८ बाय ८. कराटे स्पर्धेचा चौकोन तेवढाच असतो, पण त्याच्या भोवती १ मीटरची मोकळी पट्टी वेगळी असते. ती तुमच्याकडे नाही. म्हणून लढत दाखवाल ती मधल्या ६ बाय ६ मध्येच, आणि दोरी मॅटपासून २ मीटरवर. लहान पोरं सरकत सरकत कडेला येऊन बसतात, त्यांच्यावर एक माणूस ठेवा.

कोरा पट्टा:
क्रमाचं सांगतो. आधी सगळं तायक्वांदो, मग सगळं कराटे असं लावलंत तर दहाव्या मिनिटाला लोक भरीत-पुरीच्या गप्पा सुरू करतात. एकाच प्रकारची गोष्ट दोघांकडून लागोपाठ करून घ्या.

पहिली जोडी: कराटेची हेइआन शोदान ही काता आणि तायक्वांदोचा तेगुक इल जांग हा पूमसे, म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचालींची मालिका. दोन्ही नवशिक्यांचे, दोन्ही मिनिटाच्या आत संपतात. शोतोकानची पावलं लांब आणि खोल, तेगुक इल जांगमध्ये बरीचशी चालताना पडतात तशी आखूड. आरोळी कुठे येते तेही आधी सांगून टाका: हेइआन शोदानमध्ये दोनदा, तिसऱ्या वरच्या अडवणुकीला आणि परतताना तिसऱ्या ठोशाला. इल जांगमध्ये एकदाच, शेवटच्या ठोशाला. आता लोक वाट बघत बसतात. एका वेळी तीन-चारच मुलं उभी करा, दहा जण ८ मीटरमध्ये एकमेकांच्या पाठीवर ठोसे मारतील.

दुसरी जोडी: गोल लाथ. तायक्वांदोची दोल्यो चागी आणि कराटेची मावाशी गेरी, आधी सावकाश, मग वेगात. मग एकेक मिनिटाची लढत. निवेदकाने एवढंच सांगावं: तायक्वांदोत डोक्यावर ठोसा चालत नाही, धडावर ठोसा १ गुण, लाथ २, डोक्यावर लाथ ३, वळून मारली तर २ गुण जास्त. कराटेत ठोसा १, धडावर लाथ २, डोक्यावर लाथ ३, आणि वार आवरता आला पाहिजे.

इतिहास दोन वाक्यांत उरका. कराटे ओकिनावाचं, १९२२ मध्ये फुनाकोशी गिचिन यांनी टोकियोत दाखवलं. तायक्वांदो हे नाव १९५५ चं, आणि सुरुवातीच्या कोरियन शिक्षकांपैकी बरेच जण जपानमध्ये कराटे शिकून आलेले, त्यामुळे साम्य दिसणारच.

ज्युदोला निवेदन सोपं आहे, कारण खान्देशात कुस्ती सगळ्यांना कळते. सेओई नागे, म्हणजे खांद्यावरून टाकायची फेक, आली की 'आपला धोबीपछाड' म्हणा. फरक एवढाच सांगा की कुस्तीत पाठ टेकवावी लागते, ज्युदोत वेगाने आणि ताब्यात ठेवून पाठीवर टाकलं की इप्पोन, म्हणजे पूर्ण गुण, डाव तिथेच संपला.

वखारीतला भो:
फळ्यांचं ऐका. प्लायवूड अजिबात नको, त्यात थर आडवे-उभे असतात, फाटतच नाही. सागवान, बाभूळही नको. वखारीत पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन मिळतं, ते वाळलेलं, एकसंध, बिनगाठीचं निवडा. ओलं लाकूड वाकतं, तुटत नाही.

मोठ्या मुलांना ६ सूत (पाऊण इंच) जाडीची, लहानांना ३ सूत. जाडी दुप्पट झाली की जोर चौपट लागतो, म्हणून 'थोडी जाड चालेल' असं सुताराला म्हणू देऊ नका. लाकडातल्या रेषांच्या दिशेने २५ सेंटीमीटर, आडवी ३०. आडवी रुंदी कमी केली तर फळी उलट जास्त चिवट होते.

सगळ्यात मोठी चूक धरण्यात होते. रेषांना समांतर असलेल्या दोन कडा हातात हव्यात. दुसऱ्या दोन धरल्या तर फळी जागची हलत नाही आणि मारणाऱ्याचा घोटा सुजतो. रेषा पेनने काढून ठेवा. धरणाऱ्याचे कोपर ताठ, एक पाय मागे, तोंड वळवलेलं, बोटांची फक्त टोकं पुढे. धरणारा कचरून मागे गेला की अर्धा जोर वाया. सहा जण तोडणार असतील तर दहा फळ्या न्या, आणि त्याच लॉटमधल्या एक-दोन आदल्या दिवशी तोडून बघा.

अमळनेरकर:
अडीच सेंटीमीटरवर ज्युदोची फेक चालेल? आणि कौलं फोडायचा आग्रह होतोय.

तापीकाठ:
एका थरावर फेक नाही. ज्युदोच्या मॅट ४ सेंटीमीटर किंवा जास्त जाड असतात. दोन बाजूंच्या रांगा, म्हणजे १६ मॅट, उचलून मधल्या ४ बाय ४ वर दुसरा थर करा, वरचे सांधे खालच्यांवर येऊ देऊ नका. पाच मिनिटं लागतात, तेवढ्यात निवेदकाला बोलू द्या. त्यावरही ओ गोशीसारख्या कमरेवरच्या, हात न सोडता टाकायच्या फेकाच. पडणाऱ्याची हनुवटी छातीला, हात अंगापासून तिरका आपटायचा, मागे टेकवायचा नाही.

वखारीतला भो:
कौलं नको. तुकडे मॅटच्या सांध्यात जातात आणि पुढचा अनवाणी असतो. फळ्याही मॅटबाहेर वेगळ्या ताडपत्रीवर, सगळ्यात शेवटी. कुसळं निघतात, झाडू आणि चिमटा जवळ ठेवा.