पुढची तारीख आधी पक्की करा

कानाच्या पाळीवरचा केलॉइड (जखमेच्या व्रणावर वाढत जाणारी जाड गाठ) काढल्यावर रेडिएशन सांगितलंय म्हणून तुम्ही घाबरलात. केलॉइड म्हणजे कॅन्सर नव्हे, आधी ही भीती काढून टाका. मात्र नुसता कापून काढला तर निम्म्याहून जास्त जणांना तो परत येतो, कधी आधीपेक्षा मोठा. जखम भरताना फायब्रोब्लास्ट पेशी बेसुमार कोलॅजन (कातडीतलं तंतूंसारखं प्रथिन) बनवतात, त्यांना सुरुवातीलाच आवर घालायचा असतो. म्हणून पहिला डोस २४ तासांच्या आत, फार तर ४८.

खरी अडचण इथेच होते. सर्जन एकीकडे, रेडिएशन दुसरीकडे, आणि मध्ये रविवार! शुक्रवारी ऑपरेशन घेऊच नका, रेडिएशनची वेळ हातात आल्यावरच सर्जनची तारीख घ्या.

माझ्या बहिणीच्या पाळीला दोन दिवसांत १० ग्रे (रेडिएशनचा डोस मोजण्याचं एकक) दिले होते. टाक्यांची रेघ तेवढी उघडी, बाकी गाल-मान शिशाच्या पत्र्याने झाकलेली. मशीन काही मिनिटंच चालतं, दुखत नाही. नंतर कातडी काळवंडली, ती हळूहळू निवळली. पुढे कॅन्सर होण्याचा धोका अगदी कमी असला तरी शून्य नाही, त्यामुळे लहान मुलांना आणि गरोदर बायकांना हे शक्यतो टाळतात. थायरॉईड झाकणार का, हे मात्र स्पष्ट विचारा.