मदत हवी आहे: सोइंटुलाला गाडी न्यावी की पोर्ट मॅकनीललाच ठेवावी?

ऑगस्टमध्ये आईबाबांना घेऊन कॅनडातल्या व्हँकूव्हर बेटाच्या उत्तरेला जातोय. पोर्ट मॅकनीलहून फेरीबोटीने माल्कम बेटावरच्या सोइंटुलात एक दिवस काढायचाय.

१९०१ साली कोळसाखाणींना वैतागलेल्या फिनिश लोकांनी ‘सगळं सगळ्यांचं’ या तत्त्वावर वसवलेलं हे गाव. नावाचा अर्थही सुसंवादाची जागा. १९०३च्या आगीत अकरा जण गेले, १९०५मध्ये वसाहतीच्या कंपनीचं दिवाळं निघालं. तरी बरीच माणसं तिथेच राहिली आणि १९०९चं सहकारी दुकान आजही चालू आहे. बाबांची उभी हयात गावच्या सोसायटीत गेली, त्यामुळे देऊळ राहिलं तरी चालेल पण ते दुकान बघायचंच!

फेरीचं वेळापत्रक पाहिलंय; तीच फेरी शेजारच्या बेटावरच्या अलर्ट बे गावालाही जाते, म्हणून रांगेचा अंदाज येत नाही. दुकान आणि संग्रहालय धक्क्यापासून चालत होईल असं नकाशावरून वाटतं. अडचण बेअर पॉइंटची. किनाऱ्याच्या दगडगोट्यांवर अंग घासणारे ओर्का (काळे-पांढरे ‘किलर व्हेल’) दिसतात ती जागा बेटाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर, आणि आईचे गुडघे दुखतात. मुक्काम करायचा नाही, जेवणाचा डबा सोबत असेल.

कुणी जाऊन आलंय का? उन्हाळ्यात गाडीसह फेरीत जागा मिळायला किती आधी रांगेत लागावं? आणि बेअर पॉइंटला गाडीतून उतरल्यावर किनाऱ्यापर्यंत किती चालावं लागतं?