कार्यक्षमता म्हणजे कार्य करण्याची क्षमता, मग ऊर्जा म्हणजे काय?

रानजाई
नववी-दहावीच्या मुलांचे विज्ञानाचे क्लास घेते, सगळी मराठी माध्यमाची. ऊर्जेचा धडा चालू आहे आणि पोरांनी मला चांगलंच पेचात टाकलंय. ऊर्जेची व्याख्या सगळ्यांची तोंडपाठ, "कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा". पुढे मी इफिशिएन्सी, म्हणजे दिलेल्या ऊर्जेतली किती कामी आली ते, शिकवायला घेतली, मराठी शब्द दिला कार्यक्षमता, तर एकजण लगेच म्हणाला टीचर कार्यक्षमता म्हणजे कार्य करण्याची क्षमता, म्हणजे ऊर्जाच ना. आता समास सोडवला तर पोराचं काय चुकलं? दुसऱ्याने त्याच्यावर कडी केली, आमची विहिरीवरची मोटर पाच एचपीची, शेजाऱ्यांची तीनची, म्हणजे आमची जास्त कार्यक्षम. झालं, ऊर्जा, शक्ती आणि इफिशिएन्सी तिन्ही एकाच शब्दात कोंबले गेले. यासाठी दुसरा काही शब्द कुणी वापरतं का? पेपरात कार्यक्षमताच लिहावं लागणार हे माहितीय, पण समजावताना काय म्हणू?

निवांत पोपट
दक्षता म्हणा. हिंदीत सर्रास ऊर्जा दक्षता म्हणतात, फ्रिज-एसीला स्टार देणारा जो दिल्लीचा ब्यूरो आहे त्याचं हिंदी नावसुद्धा ऊर्जा दक्षता ब्यूरो आहे.

खडू-फळा
नको हो पोपटराव. मराठीत दक्षता म्हणजे सावधपणा. दक्षता पथक, दक्षता समिती, पावसाळ्यात घ्यावयाची दक्षता. मोटरची दक्षता 85 टक्के म्हटलं तर पोरांना वाटेल उरलेले पंधरा टक्के वेळ मोटर डुलक्या काढते.

आणि रानजाईताई, मला विचाराल तर कार्यक्षमता या शब्दाचा काही दोष नाही. कार्यक्षम अधिकारी म्हणतो तेव्हा आपल्या डोक्यात बरोबर अर्थ येतो, की दिलेल्या वेळात, दिलेल्या पैशात जास्त काम उरकणारा माणूस. खरा घोळ ऊर्जेच्या व्याख्येत आहे, ती व्याख्याच लंगडी आहे आणि आपण ती पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतोय.

बघा, एक बादली घ्या, दहा लिटर पाणी, 25 अंशाचं. हे पाणी फक्त एक अंशाने थंड झालं तर त्यातून 42 हजार ज्यूल उष्णता निघते. पन्नास किलोच्या माणसाला पंचाऐंशी मीटर वर उचलायला एवढी ऊर्जा पुरते, म्हणजे पंचवीसेक मजले. एका बादलीत, एका अंशात! पण आजूबाजूची हवासुद्धा 25 अंशालाच असेल तर त्या बादलीकडून तुम्ही सुईसुद्धा उचलून घेऊ शकत नाही. उष्णता गरमाकडून गाराकडे जाते तेव्हाच तिच्याकडून काम करून घेता येतं, इथे गार काही नाहीच. म्हणजे ऊर्जा भरपूर आणि कार्य करण्याची क्षमता शून्य. मग व्याख्या कुठे टिकली?

पडणारा दगड, ताणलेला रबर, गोफण, इथपर्यंत व्याख्या झकास चालते. उष्णता आली की गाडी रुळावरून उतरते. मी वर्गात सरळ सांगतो की व्याख्या मार्कांपुरती लिहा, मनात मात्र ऊर्जा म्हणजे हिशेबाची एक रक्कम समजा जी कुठल्याही घडामोडीत एकूण तेवढीच राहते. त्यातली किती रक्कम कामाला लावता येईल हा वेगळा प्रश्न.

पंपवाला
पोराच्या मोटरचं मी बोलतो, आमचा धंदाच तो. पाच एचपी ही शक्ती, म्हणजे किती झपाट्याने काम उरकते ते, कमी वाया घालवते की जास्त याच्याशी त्याचा संबंध नाही. एक एचपी 746 वॅट, पाच एचपी म्हणजे साधारण 3.7 किलोवॅट, आणि हे लक्षात ठेवा की मोटरच्या प्लेटवरचा एचपीचा आकडा शाफ्टवर मिळणारा असतो, लाइनीतून ओढलेला नाही. मोटर 85 टक्क्यांची असेल तर मीटरमधून 4.4 किलोवॅट ओढणार, तासाला 4.4 युनिट. उरलेलं तापात आणि थोडं घरघरीत. पुढे पंप आहे, तो समजा 60 टक्क्यांचा, तर पाण्याला मिळतात सव्वादोन किलोवॅट. शंभर फुटावरून पाणी चढवत असाल तर सेकंदाला साडेसात लिटरच्या आसपास येणार. आता 85 आणि 60 चा गुणाकार करा, 51. म्हणजे बिल भरलं त्यातलं निम्मं पाण्यात आलं, पाइपातलं घर्षण तर अजून धरलेलंच नाही. शेजाऱ्याची तीन एचपी नवी असेल आणि पंप विहिरीच्या खोलीला जुळणारा घेतला असेल तर लिटरमागे तिचं बिल कमी येईल, कार्यक्षम तीच. लोक मोटर बदलतात आणि पंप तोच जुना झिजलेला ठेवतात, मग म्हणतात बिल कमी का होईना.

गव्हाण
कोल्हापूरकडचा आहे, साखर कारखान्यात बॉयलरला नोकरी. ताई तुम्हाला तयार शब्द देतो, उतारा. आमच्याकडे शाळकरी पोराला पण माहीत असतं की यंदा कारखान्याचा उतारा किती. शंभर किलो ऊस घातला, साडेअकरा किलो साखर निघाली, उतारा साडेअकरा टक्के. घाण्यावर तेलाचा उतारा असतो तसा मोटरला कामाचा उतारा. घातलं किती, हातात पडलं किती, एवढंच तर सांगायचंय ना इफिशिएन्सीत.

आणि ह्या शब्दाचा अजून एक फायदा. साडेअकरा किलो साखर निघाली म्हणून बाकीचा साडेअठ्ठ्याऐंशी किलो ऊस नाहीसा झाला असं कुणी म्हणत नाही. अठ्ठावीस-तीस किलो बगॅस म्हणजे चोथा होतो, चारेक किलो मळी, थोडा प्रेसमड म्हणजे रस गाळून राहिलेला गाळ, आणि रसातलं पाणी वाफ होऊन जातं. सगळं मोजून परत शंभर भरतं. ऊर्जेचंही तसंच की.

आता बगॅसचं ऐका. तो बॉयलरला जाळायचा, वाफ टर्बाइनला, वीज तयार, हा झाला आमचा कोजन. नुसती वीज मोजली तर बगॅसमधल्या ऊर्जेचा चौथा हिस्सा हाती लागला तर खूप. पण टर्बाइनमधून बाहेर पडणारी वाफ आम्ही फेकत नाही, ती रस आटवायला जाते, ती उष्णता पण कामाचीच धरली की तोच कारखाना साठीच्या घरात जातो. मशीन तेच, बगॅस तोच, वाफ तीच. बदललं काय, तर आपण कामाचं कशाला म्हणायचं ते. म्हणून पोरांना सूत्र देताना "उपयुक्त ऊर्जा भागिले दिलेली ऊर्जा" यातल्या उपयुक्तवर बोट ठेवायला सांगा. उपयुक्त कुणाला, कशाला, हे ठरल्याशिवाय टक्का काढता येत नाही. औष्णिक केंद्रात रस आटवायचा नसतो, त्यांची वाफ कंडेन्सरमध्ये थंड होऊन परत पाणी व्हायला जाते आणि उष्णता कूलिंग टॉवरमधून हवेत, म्हणून त्यांचा आकडा पस्तीस-चाळीसवर अडकतो. त्यात तिथल्या माणसांचा आळशीपणा नाही.

चिंगी_सातारा
उतारा मस्त आहे पण वर्गात सांभाळून 😄 सातबाऱ्याचा उतारा, भाषेच्या पेपरातला उतारा, विषावर उतारा, आणि अमावस्येला तिठ्यावर लिंबू-नारळ ठेवतात तो उतारा. "मोटरचा उतारा काढा" म्हटलं की कुणीतरी मोटरवरून लिंबू ओवाळणार.

रानजाई
हाहा, आमच्या विहिरीवरच्या मोटरला खरंच ओवाळलेलं आहे लिंबू. गव्हाण, शब्द आवडला, उद्याच वापरते.

खडू-फळा सर, तुमच्या बादलीवरून माझा दुसरा प्रश्न निघतो. एका पानावर ऊर्जा अक्षय्यतेचा नियम, ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्ट करता येत नाही. आणि 14 डिसेंबरला शाळेत ऊर्जा संवर्धन दिन, भित्तिपत्रकं, ऊर्जा वाचवा. अक्षय्यच आहे तर वाचवायची काय? मुलगी सहावीतली आहे माझी, तिने विचारलं.

खडू-फळा
तुमच्या मुलीला शाबासकी द्या. इंग्रजीत दोन्हीला कॉन्झर्व्हेशन हा एकच शब्द आहे, त्यामुळे तिकडच्या पोरांचा घोळ जास्त होतो, आपल्याकडे अक्षय्यता आणि संवर्धन असे दोन वेगळे शब्द आहेत हे बरंच आहे. फक्त संवर्धन म्हणजे वाढवणं, आणि ऊर्जा तर वाढत नाही, त्यापेक्षा साधं बचत म्हणावं.

उत्तर बादलीतच आहे. लिटरभर पेट्रोल जाळलं तर ऊर्जा एक ज्यूलनेही कमी होत नाही, रस्ता, टायर, ब्रेक, सायलेन्सरमधला धूर, हवा, सगळं मिळून तेवढीच भरते. पण ती आता आजूबाजूच्या तापमानाला येऊन पसरलीय, बादलीतल्या पाण्यासारखी, तिच्याकडून काही करून घेता येत नाही. अक्षय्य आहे ती ऊर्जा, खर्च होते ती कार्य करण्याची क्षमता. वाचवायची आहे ती क्षमता. म्हणून तर म्हणतो की व्याख्येत क्षमता आणि ऊर्जा एकच म्हणून टाकल्या की पुढे सहावीतल्या पोरीलाही उत्तर देता येत नाही.

अशा पसरलेल्या, कोमट उष्णतेला मी हिणकस म्हणतो. सराफाचा शब्द आहे, सोन्यात हीण मिसळलं की हिणकस, वजन तेवढंच भरतं पण कस उतरलेला. कंडेन्सरमधून निघणारं चाळीस-पंचेचाळीस अंशाचं पाणी, त्यात ऊर्जा प्रचंड, पण हिणकस. त्यावर टर्बाइन फिरवायला गेलात तर पदरात काही पडत नाही, आंघोळीला मात्र उत्तम.

निवांत पोपट
आंघोळीवरून आठवलं, मग गिझर किती टक्के? सगळी वीज उष्णतेतच जाते ना, वाया जायची तीही उष्णताच, आणि इथे तर आपल्याला उष्णताच हवी.

पंपवाला
नव्याण्णव धरा, टाकीच्या आवरणातून थोडं जातं तेवढंच. पण मीटरपासून मोजलं म्हणून. कोळशापासून मोजलं तर कोळशातल्या शंभरातले पस्तीस विजेत आले, त्यातले थोडे तारांमध्ये गेले, मग गिझर. म्हणजे तिशीच्या आसपास. दुकानदार नव्याण्णव सांगतो ते खोटं नाही, मोजायला कुठून सुरुवात केली तेवढं विचारायचं. आमच्या आजीचा तांब्याचा बंब यापेक्षा बरा होता म्हणणारे आहेत, पण धुराड्यातून किती जायचं ते कुणी मोजलंय.

शिंपले
मधेच विचारते, आमच्या नव्या एसीच्या लेबलवर आयएसईईआर म्हणून 5 लिहिलंय. दुकानात विचारलं तर म्हणाला एक युनिट विजेत पाच युनिटची थंडी. म्हणजे उतारा 500 टक्के? शंभर किलो उसात पाचशे किलो साखर?

लेस्टरकर
शिंपले, यावर आमच्याकडच्या पुस्तकांचा उपयोग होईल बहुतेक. मुलगी इंग्लंडात जीसीएसई, म्हणजे तिकडची दहावीसारखी परीक्षा, करतेय, 2016 पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात ऊर्जेचे प्रकार हा जुना पाढा बाजूला ठेवलाय. मी शाळेत प्रकाश ऊर्जा, ध्वनी ऊर्जा, विद्युत ऊर्जा अशी यादी पाठ केलेली, तिच्या वहीत तसं नाहीच. तिच्याकडे ऊर्जेचे आठ साठे आहेत, गतीचा, उंचीचा, ताणाचा, उष्णतेचा, रासायनिक, अणुकेंद्रातला, चुंबकीय आणि स्थिरविद्युत. आणि एका साठ्यातून दुसऱ्यात जायच्या चार वाटा, ढकलून-ओढून, विजेने, तापवून आणि किरणांनी. प्रकाश, आवाज, वीज यांचा साठा होत नाही, त्या वाटा. सुरुवातीला मला हे उगाच किचकट वाटलं, घरी भांडणं झाली, पण एक गोष्ट चांगली आहे की प्रत्येक वेळी कुठून निघाली आणि कुठे पोचली हे लिहावंच लागतं. "विद्युत ऊर्जेचे उष्णता ऊर्जेत रूपांतर" एवढं लिहून सुटका नाही.

आता एसी घ्या. खोलीच्या उष्णतेच्या साठ्यातून निघाली, बाहेरच्या हवेच्या उष्णतेच्या साठ्यात पोचली. यात रूपांतर कुठे झालं? उष्णता होती, उष्णताच राहिली, फक्त जागा बदलली.

गव्हाण
हां, बरोबर धरलंत. शिंपलेताई, विजेने तुमची थंडी तयार केली नाही, हमालाची मजुरी दिली. हमाल पाच युनिट उष्णता खोलीतून उचलून बाहेर नेऊन टाकतो, मजुरी एक युनिट. तीही शेवटी उष्णताच होते, म्हणून बाहेरच्या युनिटमागून सहा युनिट उष्णता निघते, भर उन्हाळ्यात हात धरून बघा. आत गेलं पाच अधिक एक, बाहेर आलं सहा, ज्यूलचा फरक नाही. उतारा म्हणायचा तर घातलेल्यातून काढलेलं असलं पाहिजे, इथे पाच युनिट आपण घातलेच नव्हते, ते खोलीत आधीच होते. त्यामुळे इथे उतारा शब्द मी पण वापरणार नाही, आणि टक्के तर अजिबात लावू नका.

शिंपले
मग काय म्हणायचं? पाच पट?

खडू-फळा
गुणांक म्हणा. कामगिरी गुणांक असं पूर्ण म्हणता येईल, आणि लेबलवरचा आकडा सगळ्या मोसमाची सरासरी धरून काढलेला असतो म्हणून मोसमी गुणांक. गुणांक एकच्या वर गेला तरी कुणी दचकत नाही, टक्का शंभराच्या वर गेला की पोरं लगेच अक्षय्यतेचा नियम मोडला म्हणून ओरडतात. रूपांतर असेल तिथे कार्यक्षमता किंवा उतारा, कमाल शंभर. नुसती वाहतूक असेल तिथे गुणांक, त्याला शंभराची अट नाही.

रानजाई
हे चालेल. मोटर आणि पंपाचं गणित मी पंपवाल्यांच्या आकड्यांनीच देते, 85, 60, शंभर फूट. पोराच्या घरची मोटर आहे, प्लेटवरचा फोटो आणायला सांगितलाय त्याला.

पंपवाला
प्लेटवर पंपाचा हेडही, म्हणजे पाणी किती उंच चढवतो ते, लिहिलेला असतो मीटरमध्ये, तोही बघायला सांगा. विहिरीचं पाणी चैत्रात खाली गेलं की तोच पंप वेगळ्या टक्क्यावर चालतो, ते दहावीला पुरून उरेल एवढं मोठं प्रकरण आहे.