गांधीजींचं १० रुपयांचं तिकीट खरं की नकली? लवकर सांगा

घाईत_आहे
आजोबांच्या अल्बममध्ये गांधीजींचं १० रुपयांचं पोस्टाचं तिकीट सापडलं. दुर्मिळ असतं म्हणतात, आणि नकलाही भरपूर फिरतात म्हणे. उद्या सकाळी एक गृहस्थ बघायला येणार आहेत, त्याआधी काय ते कळायला हवं. फोटो टाकलाय. कृपया 'तज्ज्ञांना दाखवा' असं सांगू नका, तेवढा वेळ नाही.

दातेरी
फोटोत तिकिटापेक्षा तुमचा अंगठा जास्त दिसतोय. १९४८ चं का? कोरं की शिक्का बसलेलं? वर 'सर्व्हिस' छापलंय? मागची बाजू कशी आहे?

घाईत_आहे
१९४८ चंच असणार. 'बापू' असं हिंदी आणि उर्दूत लिहिलंय. शिक्का नाही, सर्व्हिस वगैरे नाही. मागे काही नाही. आता सांगा.

जुनं खोड
सर्व्हिस नाही हे बरंच झालं. गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी तशी अक्षरं छापलेले फक्त १०० संच होते. त्यामुळे तिकीट खरं आणि वरची अक्षरं मागाहून मारलेली, हा जुना धंदा आहे.

साध्या तिकिटाचं म्हणाल तर ते १५ ऑगस्ट १९४८ ला निघालं. छपाई स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिए छापखान्यातली, फोटोग्रॅव्हूर पद्धतीची, म्हणजे कोरलेल्या साच्यातून शाई उमटवण्याची. दहा पटीचं भिंग घ्या आणि चेहरा बघा. खऱ्या तिकिटात अगदी बारीक, एकसारखी जाळी दिसते आणि गडद-फिका फरक शाईच्या कमी-जास्त थरानं येतो. ऑफसेटवर काढलेल्या नकलेत निळे, गुलाबी, पिवळे ठिपके गोल गोल घोळक्यानं बसलेले दिसतात. ते दिसले की पुढे बोलायलाच नको.

निळा प्रकाश
एवढा खटाटोप कशाला? अंधारात यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाचा टॉर्च मारा. कागद झगझगीत निळसर पांढरा चमकला की नकली. कागद उजळ करणारी रसायनं तेव्हाच्या तिकिटांत सहसा नसायची, त्यांचा वापर नंतर वाढला. दोन सेकंदांचं काम. मी दुसरं काही वापरतच नाही.

घाईत_आहे
शेजाऱ्यांकडे टॉर्च होता. मारला. सगळं निळं चमकतंय!! म्हणजे खोटं ना? गृहस्थांना नाही म्हणून कळवू?

दातेरी
थांबा हो. मागे 'काही नाही' म्हणजे डिंकसुद्धा नाही? कोऱ्या तिकिटाला डिंक हवा.

घाईत_आहे
पानाला घट्ट चिकटलं होतं, म्हणून काल कोमट पाण्यात घातलं. पिवळट डाग होते म्हणून चिमूटभर कपड्यांची पावडर टाकली. त्यानं काय फरक पडतो?

जुनं खोड
अरे देवा. आणि हे आत्ता सांगताय? एक तर डिंक गेला, म्हणजे तिकीट खरं निघालं तरी त्याची निम्मी पत पाण्यात. दुसरं, कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून पावडरीत तीच चमकणारी रसायनं घालतात. आता यूव्हीखाली काय दिसतंय ते कागदाचं की पावडरीचं, सांगता येणार नाही.

निळा प्रकाश
टॉर्चची काय चूक? कोण धुतं तिकीट?

कापूर
अल्बम पीव्हीसीच्या पाकिटांचा असेल तर तिकिटं लगेच काढा. मऊ पीव्हीसीमधून तेलकट अंश सुटतो, रंग खराब होतात. शिवाय तिकीट चिकटवायच्या कागदी पट्ट्या, म्हणजे हिंज वापरत असाल तर…

दातेरी
कापूर, ते विचारलंय का कुणी?

सदाशंका
भिंगानं काय होणार? नकली तिकिटं बनवणारा झां द स्पेराती तर स्वस्तातल्या खऱ्या तिकिटावरचं चित्र रसायनानं उडवायचा आणि त्याच कागदावर महागडं चित्र छापायचा. कागद खरा, कडेचे दाते खरे, कधी कधी शिक्काही खरा. १९५४ साली ब्रिटिश संग्राहकांच्या संघटनेनं त्याचा सगळा माल विकत घेतला, पुढे कुणी फसू नये म्हणून.

दातेरी
किस्सा छान. पण त्यासाठी तेवढंच मोठं, तसेच दाते असलेलं स्वस्त तिकीट हाताशी लागतं. इथे साधी नक्कल आहे का तेवढं बघू.

घाईत, त्या संचात चार तिकिटं होती: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि हे. चारही एकाच छापखान्यातली, दाते दोन सेंटीमीटरला साडेअकरा. पट्टीनं मोजू नका, अर्धा दाता चुकतोच. अल्बममध्ये दीड किंवा साडेतीन आण्याचं असेल तर दोन्हींच्या उभ्या कडा एकमेकींना भिडवा, पहिले दाते जुळवा आणि खाली खाली बघत जा, खरं असेल तर शेवटपर्यंत जुळतील. आणि कुणी बेन्झिन सुचवलं तर ऐकू नका, फोटोग्रॅव्हूरची शाई बिघडू शकते.

घाईत_आहे
साडेतीन आण्याचं आहे, शिक्का बसलेलं. भिडवलं. पहिले चार-पाच दाते बरोबर समोरासमोर. मग सरकायला लागतात. नवव्याला याचा दाता त्याच्या खाचेत जातोय.

जुनं खोड
आणि भिंगाखाली?

घाईत_आहे
भिंग नाही, मोबाइलनं फोटो काढून मोठा केला. गांधीजींच्या कपाळावर पिवळे आणि गुलाबी ठिपके आहेत. साडेतीन आण्याच्यावर नाहीत.

दातेरी
मग नक्कलच. दाते आणि छपाई, दोन्ही एकच सांगताहेत. गृहस्थांना आजच कळवा. मागे पेन्सिलीनं 'नक्कल' लिहून ठेवा, डिंकाची अडचण तुम्ही आधीच दूर केली आहे.

निळा प्रकाश
म्हणजे माझा टॉर्च बरोबरच होता.

जुनं खोड
टॉर्चनं पावडर पकडली हो.

घाईत_आहे
धन्यवाद सगळ्यांना. एक राहिलंच, त्या अल्बमची बाकीची दोन पानंही सकाळपासून पाण्यात आहेत. काढू का?