२०२६ : अल्कराझचा हंगाम विक्रमी ठरण्याची शक्यता कितपत?

लाल_माती (प्रश्न, जानेवारी २०२६)

टेनिसपटू कार्लोस अल्कराझने २०२५चा हंगाम ७१ विजय, ९ पराभव आणि ८ विजेतेपदांसह संपवला. वर्षातील चार सर्वांत मोठ्या, म्हणजे ग्रँड स्लॅम स्पर्धांपैकी फ्रेंच आणि अमेरिकन या दोन त्याने जिंकल्या आणि वर्षअखेरीस क्रमवारीतील पहिले स्थानही त्याच्याकडेच राहिले. वयाची २३ वर्षे पूर्ण व्हायला अजून काही महिने असताना त्याच्या नावावर सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदे आहेत. त्यामुळे यंदाचा त्याचा हंगाम मॅकेन्रोच्या १९८४ (८२ विजय, ३ पराभव) किंवा जोकोविचच्या २०१५ (८२ विजय, ६ पराभव, ११ विजेतेपदे) या हंगामांच्या पंक्तीत बसेल, असे अनेकजण बोलू लागले आहेत. विक्रमी हंगाम ठरवताना नेमके काय मोजायचे, आणि त्या मापाने त्याला खरोखर किती संधी आहे? मेलबर्नची ऑस्ट्रेलियन ग्रँड स्लॅम स्पर्धा १८ तारखेला सुरू होते आहे. त्याआधी, आवडनिवड बाजूला ठेवून लिहिलेली मते वाचायला आवडतील.

दुसरी_सर्व्हिस

विजयांची टक्केवारी हे माप घेतले, तर माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. ७१ विजय आणि ९ पराभव म्हणजे ८९ टक्क्यांच्याही थोडे खाली. मॅकेन्रोची टक्केवारी ९६च्या वर होती आणि २००५ साली ८१ सामने जिंकून केवळ ४ गमावणाऱ्या फेडररची ९५च्या वर. मात्र या नऊ पराभवांची यादी समोर ठेवून पाहिली, तर खरा प्रश्न कुठे आहे ते लगेच कळते. त्यांपैकी सात पराभव हार्ड कोर्टवरचे, म्हणजे माती किंवा गवत नसलेल्या टणक मैदानावरचे आहेत. मेलबर्नमध्ये जोकोविच, दोहामध्ये लेहेच्का, इंडियन वेल्समध्ये ड्रेपर, मायामीत पहिल्याच सामन्यात गॉफिन, लेव्हर कप या सांघिक स्पर्धेत फ्रिट्झ, पॅरिस मास्टर्समध्ये पुन्हा पहिल्याच सामन्यात नॉरी, आणि तुरीनमधील वर्षअखेरच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याचा मुख्य प्रतिस्पर्धी सिनर. उरलेले दोन म्हणजे बार्सिलोनात रूनकडून आणि विम्बल्डनमध्ये सिनरकडून झालेले पराभव, आणि तेही दोन्ही अंतिम सामन्यांतले.

याचा अर्थ असा की एप्रिलमधील मोंटे कार्लोपासून सप्टेंबरमधील टोकियोपर्यंत तो एटीपी (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस) दौऱ्यावरील ज्या ज्या स्पर्धेत उतरला, तिची अंतिम फेरी त्याने गाठली. सलग नऊ अंतिम फेऱ्या! हे सहा महिने आताच कोणत्याही विक्रमी हंगामाच्या तोडीचे आहेत. कच्ची आहेत ती हंगामाची दोन टोके, म्हणजे जानेवारी ते मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. तिथे त्याचा खेळ मधूनच भरकटतो. सोपा फटका पुरेसा असताना त्याला ड्रॉप शॉटचा (चेंडू जाळ्याजवळ हळूच टाकण्याचा) मोह होतो, आणि क्रमवारीत पन्नाशीबाहेर असलेला गॉफिनही त्याचा फायदा उठवू शकतो. सर्व्हिसमधील सुधारणा मात्र खरी आहे. न्यूयॉर्कमध्ये संपूर्ण अमेरिकन स्पर्धेत त्याची सर्व्हिस केवळ तीनदा भेदली गेली (म्हणजे स्वतः सर्व्हिस करतानाचा गेम त्याने गमावला) आणि त्याने एकच सेट गमावला, तोही अंतिम सामन्यात सिनरविरुद्ध. ही सर्व्हिस मार्चमध्येही अशीच राहिली, तर ७१चे ८० विजय होणे अशक्य नाही. मॅकेन्रोचे तीन पराभव मात्र विसरलेलेच बरे.

मेलबर्नचा_दर्शक

टक्केवारीचे गणित मला दुय्यम वाटते, कारण पन्नास वर्षांनी लोक विचारतील ते ग्रँड स्लॅमविषयी. पुरुष एकेरीत एकाच वर्षात चारही स्पर्धा जिंकणारा शेवटचा खेळाडू रॉड लेव्हर, १९६९ साली. आणि तेव्हा चारपैकी तीन स्पर्धा गवतावर होत असत, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्यानंतर जोकोविचने २०११, २०१५, २०२१ आणि २०२३ अशी चार वर्षे तीन-तीन स्पर्धा जिंकल्या, पण चौथी त्याला कधीच साधली नाही. अल्कराझसाठी पहिलीच पायरी सर्वांत अवघड आहे, कारण ऑस्ट्रेलियन स्पर्धेत तो आजवर उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे गेलेला नाही आणि सिनर तिथे सलग दोन वर्षे विजेता आहे.

तरीही एक विक्रम याच महिन्यात होऊ शकतो. मेलबर्न जिंकल्यास कारकिर्दीत चारही ग्रँड स्लॅम मिळवणारा तो सर्वांत तरुण पुरुष ठरेल. सध्या हा मान डॉन बजकडे आहे. १९३८ साली पॅरिसमध्ये त्याने हा टप्पा गाठला, तेव्हा त्याला २३ पूर्ण व्हायला दोन दिवस बाकी होते.

बॅकहँड_डाउन_द_लाइन

सर्वजण गृहीत धरत आहेत की तो तंदुरुस्त राहील. नोव्हेंबरमध्ये मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापतीमुळे त्याला डेव्हिस कपच्या अंतिम टप्प्यातून माघार घ्यावी लागली, आणि डिसेंबरमध्ये तो अनेक वर्षांचे प्रशिक्षक हुआन कार्लोस फेरेरो यांच्यापासून वेगळा झाला. सामुएल लोपेझ त्याच्या चमूत आधीपासून आहेत, त्यामुळे घडी अगदीच विस्कटणार नाही. तरी सामना हातातून निसटत असताना खुर्चीतून कोण काय सांगते, याचा परिणाम होतोच. विक्रमी हंगामावर पैज लावायची झाली, तर मी सिनरवर लावेन. २०२४मध्ये त्याने ७३ सामने जिंकले आणि केवळ ६ गमावले. अनपेक्षित पराभव त्याच्या वाट्याला फार क्वचित येतात.

दुसरी_सर्व्हिस

सिनरविषयीचा मुद्दा रास्त आहे, पण २०२५मधील सहा लढतींपैकी चार अल्कराझने जिंकल्या, हेही नोंदवायला हवे. त्यांत फ्रेंच स्पर्धेचा, सिनर एका गुणाने विजेता ठरला असता असे तीन चॅम्पियनशिप पॉइंट वाचवून ५ तास २९ मिनिटांत जिंकलेला अंतिम सामनाही आला. क्रमवारीच्या गुणांचे गणित मात्र वसंत ऋतूत सिनरच्या बाजूचे आहे, कारण स्पर्धेत मिळालेले गुण वर्षभराने बाद होतात. गेल्या वर्षी बंदीमुळे तो फेब्रुवारीपासून मेच्या सुरुवातीपर्यंत खेळलाच नाही, त्यामुळे मेलबर्ननंतर रोमपर्यंत त्याला राखायचे गुण नाहीत आणि तो जे कमावेल ती निव्वळ भर असेल. उलट अल्कराझला एप्रिलपासून मोंटे कार्लो, रोम आणि पॅरिस ही तिन्ही विजेतेपदे पुन्हा जिंकावी लागतील, तेव्हा कुठे त्याचे तिथले गुण जसेच्या तसे राहतील. म्हणून इंडियन वेल्स आणि मायामी या दोन स्पर्धांत, जिथे गेल्या वर्षी त्याच्या हाती फारसे काही लागले नाही, तो मिळून किती सामने जिंकतो, याकडे मी मेलबर्नइतकेच लक्ष ठेवणार आहे.